अर्धी शिंप

बारा तास मी समुद्रातलं मीठ काढतो.
त्याचा पगार मिळतो.
खोलीवर येऊन, बूट काढायच्या आधी,
बादलीतल्या गोड्या पाण्यात तेच मीठ
वजन करून परत घालतो.
लिटरला पस्तीस ग्रॅम. याचा पगार नाही.

टाकी माझी नव्हे. रोडेलची.
पासपोर्टवर एक्झिटचा शिक्का पडला तेव्हा
त्याचा सोफा खालच्या न्हाव्यानं नेला,
सायकल वॉचमननं.
मी राइस कुकर मागितला होता.
"कुकरसोबत हापण," म्हणाला,
आणि काचेवर बोट टेकवलं.
आत दगडांचा पसारा, त्यामागून एक लांब चोच.
अंगावर नारिंगी पट्टे, शेपटीकडे खोटा डोळा.
"खाण्याचं जरा नाटक आहे याचं."
एवढंच. मग दम्मामची टॅक्सी.

नऊ दिवस त्यानं तोंडाला काही लावलं नाही.
गोठवलेली कोलंबी टाकली. बारीक चिरून टाकली.
कुणीतरी सांगितलं म्हणून
लसणाच्या पाण्यात भिजवूनही टाकली.
तो चोच जवळ आणायचा, एक डोळा तिरपा करून
पंगतीतल्या अळणी आमटीकडे
व्याह्यानं बघावं तसा बघायचा,
आणि वळायचा.
मी आणखी टाकायचो. लागेल की भूक कधीतरी.
दगडामागे ते सगळं साठत गेलं,
पांढरट, बुरशी धरून.

प्लांटवर माझ्या सहीशिवाय
टँकरसुद्धा हलत नाही.
इथे चाचणीची बोटभर नळी उजेडात धरली
आणि हात थरथरला.
पिवळं यायला हवं होतं, हळदीच्या पाण्यासारखं.
आलं हिरवं,
कैरीच्या सालीचं हिरवं.
अमोनिया. मी प्रेमानं वाढलेला.

त्या रात्री चार बादल्या बदलल्या.
बाहेर अकरा वाजता एक्केचाळीस.
जुबैलमध्ये जुलैत गार पाण्याच्या नळाखाली
चहाची पावडर टाकली तरी चालेल.
म्हणून बर्फाच्या बाटल्या टाकीत तरंगत ठेवल्या,
दर वीस मिनिटांनी बदलत.
पंप घरघरत होता. मी स्टुलावर.

दुसऱ्या दिवशी सुगंधाला फोनवर दाखवला.
ती हर्णैची. मासा बघायची तिची रीत ठरलेली,
आधी कल्ला, मग भाव.
"तळून किती होईल हा?"
मग जरा गप्प राहिली.
"अरे, देवानं चोच कशाला दिलीय त्याला?
फटीत घालायला. आणि तू ताटात वाढतोयस.
तिसऱ्या मिळतात का तिकडे?"

शुक्रवारी बाजारात मिळाल्या.
पाव किलो मागितल्या तर विकणारा
माझ्यामागे आणखी कुणी उभं आहे का ते बघू लागला.
विळी नाही. स्क्रूड्रायव्हरनं उघडल्या.
एक अर्धी शिंप, मांस तिला चिकटलेलंच,
दगडाच्या फटीत तिरकी रोवली,
आणि लांब जाऊन बसलो.
उरलेल्यांचं सुकं गॅसवर होतं, खोबऱ्याशिवाय.

सत्तर मिनिटं.

मग चोचीचं टोक आत गेलं.
एकदा.
मान झटकली, मागे सरला,
हे आपण केलंच नाही असा चेहरा.
पुन्हा.

ओरडलो नाही. पलीकडे रात्रपाळीवाले झोपले होते.
फोन उचलला, तिकडे साडेबारा वाजून गेलेले.
ठेवला.
सुकं करपलं होतं. तसंच खाल्लं.

रिकामी शिंप सडायच्या आत काढून घेतली.
बोटांना वास राहिला, साबणानंही न जाणारा.
नळी उजेडात धरली.
अजून हिरवट आहे.
पिवळ्याकडे झुकलंय असं वाटतं,
पण ट्यूबलाइटखाली मला तसं वाटतंच.

पहाटे रोडेलचा मेसेज, इलोइलोहून,
"कुकर कसा चाललाय?"

खातो आता,
मी लिहिलं.