जिभेखालची दहा मिनिटं

गोळी जिभेखाली ठेवली, की बोलायचं नाही.
गिळायचं नाही.
सिस्टर घड्याळाकडं बोट करते
आणि रजिस्टरात लिहिते: भरमाणी मोदगीकर, वय एकेचाळीस.
मोदगेकर. पण तोंडात गोळी.
रोज चुकते, रोज मी बघत बसतो.

हिरेमठ मॅडम म्हणतात, ही दहा मिनिटं फुकट घालवू नका.
पाय फरशीवर. थंड लागतंय? थंड लागतंय, एवढंच बघा.
उसिरु, म्हणतात. मग आठवल्यासारखं: श्वास.
आत येतोय. बाहेर जातोय.
तो कुठल्या भाषेत घ्यायचा
हा वाद बेळगावात अजून कुणी काढलेला नाही.

आम्ही पाच जण. गेल्या महिन्यात सहा होतो.
इस्माईल, संकेश्वरचा, रात्री जागून ट्रक हाणायचा.
वडगावची कस्तुरी, मागावर उभी राहून राहून कंबर गेलेली.
कॅम्पातला फ्रान्सिस आणि त्याचा धाकटा भाऊ,
दोघांत मिळून एक छत्री.
सहावी खुर्ची दुंडाप्पाची.
तो म्हणाला होता, डोळे मिटले की गोळ्याच दिसतात बघा मॅडम.
मॅडम म्हणाल्या, मग उघडे ठेवून बस की रे.
बसला चार दिवस. पाचव्या दिवशी आला नाही.
खुर्ची झाडणारी बाई ती पण पुसून जाते.

माझं विचाराल तर साखळी सुटली.
उद्यमबागेत, दुपारच्या पाळीला, दोन मणके.
डॉक्टरांनी पंधरा दिवसांच्या लिहून दिल्या.
सोळाव्या दिवशी चिठ्ठी न मागणारं दुकान सापडलं.
पुढचं सांगत नाही.
फक्त मुलीच्या सहलीचे साडेचारशे.
ती गोकाकचा धबधबा बघायला गेली नाही
आणि मी तिला सांगितलं, सहल रद्द झाली.

आज मॅडमनी डब्यातनं उकडलेलं रताळं आणलंय.
एकेक फोड तळहातावर.
खायचं नंतर, आधी बघा.
आमच्या रानात ढिगानं निघायचं हे,
पोती शिवली, टेम्पो भरले,
पण आत असे दोरे असतात, जुन्या गोधडीसारखे,
हे आज बघायलोय.
तोंडाला पाणी सुटतं. कडू पाणी. गिळायचं नाही.

तलफ आली की काय करायचं, असं फ्रान्सिसनं विचारलं होतं.
मॅडम काहीतरी लाटांचं बोलल्या.
आम्ही समुद्राची माणसं नव्हे.
मला वाळूच्या पेट्या आठवल्या.
रस ओतला की पेटी फोडायची घाई करायची नाही.
वरनं काळी, गप्प, आत लालभडक.
नवं पोरगं हमखास हातोडा उचलतं.
लवकर फोडलीस तर तडकेल रे,
हे मी वीस वर्षं दुसऱ्यांना सांगत आलो.

काल संध्याकाळी त्याच दुकानासमोर बस थांबली.
शटर अर्धं वर. आतला माणूस ओळखीचं हसला.
मानेमागं सुरू झालं, मग दंडात, मग पोटात खाली.
मी पेटीजवळ उभं राहावं तसा उभा राहिलो.
कुठं तापलंय. किती तापलंय. आता कुठं सरकलं.
एक बस सोडली. दुसरी पण सोडली.
तिसरीत बसलो. शर्ट पाठीला चिकटलेला.
जिंकलो वगैरे नाही. घरी आलो.
शेवंतानं काही विचारलं नाही,
फक्त माझ्या डोळ्यांतली बुबुळं बघितली,
आता ती तसंच बघते, भाकरी थापता थापता.

घड्याळात दोन मिनिटं उरलीत.
गोळीचा चुरा जिभेखाली, रेतीच्या शेवटच्या कणासारखा.
बाहेर कुणीतरी स्कूटरला किक मारतंय, लागत नाही,
मारतंय, लागत नाही.
ऐकतोय.
कस्तुरीनं रताळं नाकाशी धरलंय.
इस्माईल झोपला असावा.

झाली दहा. सिस्टर तोंड उघडायला लावते,
जीभ वर, डावीकडं, उजवीकडं.
मी म्हणतो, सिस्टर, मोदगेकर. ग-ला मात्रा.
आयतु, आयतु, म्हणते ती,
खोडते, वर लिहिते,
आणि उद्याच्या पानावर
परत चुकेल बहुतेक.

रताळं गार झालंय.
गोड आहे.