सहा पाती

इतवारीत, भांडेवाल्यांच्या बोळीत,
नंदनवारजींनी कुलूप हातात ठेवलं.
पाती मोज.
दिसत नाहीत जी.
"म्हणून तं मोज म्हटलं."

मेणबत्तीवर काळी केलेली कोरी किल्ली
आत घालून फिरवली, काढली.
काजळीवर चारच ओरखडे.
दोन पाती अजून बोलायची होती.

मे महिना. कूलरमधलं पाणी संपलेलं.
तिसरं पातं कमी उचललं तर अडतं,
जास्त उचललं तरी अडतंच.
कानशीचा एक हात, अन् थांब.
"घासलेलं पितळ परत येत नाही बे."

साडेचारला आत काहीतरी सरकलं,
मनगटालाच कळलं आधी.

कोणाचं आहे?
"माझंच. पेटी विकली,
किल्ली तिच्यासंगं गेली."

कुलूप त्यांनी दाबून बंद केलं,
माझी किल्ली भंगारात टाकली.
"उद्या ये. डोळे मिटून."