पाठकोरे

लॉटन, ओक्लाहोमा. मंगळवार म्हणजे थकलेल्या हप्त्यांचा वार.
साडेदहाच्या आत आम्ही चाळीस माणसं उरकतो.
नाव पुकारायचं, तीन श्वास थांबायचं,
बाकावरून कोणी उठलं नाही
की एकतर्फी हुकूम, आणि माझा शिक्का.
बावीस वर्षांत त्याची मूठ
माझ्या अंगठ्यापुरती झिजली आहे.

एकेचाळिसावा : लेलँड पोस्टोक.
एक वॉशिंग मशीन, आईसाठी, उधारीवर.
दोन हजार नऊशे चौदा डॉलर, शेकडा चोवीसनं वाढत.
वसुली कंपनीच्या पोरसवदा वकिलानं
'प्रतिवादी लष्करात आहे काय?' या रकान्यात
'नाही' लिहिलेलं, शपथेवर,
जसं कुणी 'साखर?' विचारल्यावर आपण म्हणतो.

माझी कॉफी लवंडली म्हणून कागद उचलला.
नाहीतर उलटला नसता.
मागे समन्स बजावणाऱ्याची पेन्सिल :
'म्हातारी दारात. आत मशीन चालू. म्हणते,
पोरगा कुवेतला, तोफखान्यात. जेवून जा म्हणाली.'

जज्ज हावरकँप बाईंनी पेनाला टोपण लावलं.
मग कायदा बोलला,
म्हणजे त्याच बोलल्या, पण सावकाश :
ज्याला येता येत नाही
त्याला आला नाही असं धरू नये.
त्याच्यासाठी वकील नेमा. खटला नव्वद दिवस थांबवा.
कर्ज भरतीच्या आधीचं असेल
तर त्यानं मागताच व्याज शेकडा सहावर.
आणि तुम्ही, त्या पोराकडे पाहून म्हणाल्या,
शपथ म्हणजे काय, ते पुढच्या तारखेला सांगा.
पोराचे कान लाल. त्याचंही पहिलंच वर्ष.

नेमलेल्या वकीलबाई, ट्रुडी कॅबनेस,
जिन्यातूनच पोस्टोकच्या आईला फोन लावत गेल्या.
पलीकडून पाणी फिरल्याचा आवाज येत होता म्हणे.

बेचाळिसावं नाव पुकारलं मी. शिक्काही मारला.
हात थांबला नाही, खोटं कशाला सांगू.

जेवणाच्या सुटीत मात्र तळघरात उतरले.
दोन हजार सातचं बाड सोडलं,
नुसतंच, हाताला लागलं ते.
एक उलटला. पाठकोरा.
दुसरा पाठकोरा.
बरं वाटायला लागलं, एकेक कोरं पाहून.
तेराव्यामागे काहीतरी होतं, फिकट, पेन्सिलीचं, दोन ओळी.

चष्मा वर टेबलावर राहिला होता.