स्क्रीन तीन

खराडीतल्या मॉलच्या तिसऱ्या मजल्यावर
रविवारी साडेनऊला, पिक्चर लागायच्या आत,
देव.
सुनेनं माझ्या मनगटाला कागदी पट्टा बांधला:
नवीन पाहुणे. कॉफी मोफत.

खुर्चीत पॉपकॉर्नचा वास मुरलेला.
निळा धूर सुटला, ड्रम वाजले,
पाळकसाहेबांचे बूट पांढरेशुभ्र.
दानार्पणाची थैली काही आली नाही.
पडद्यावर एक चौकोन आला,
सगळ्यांनी फोन वर धरले.

खोटं कशाला बोलू,
बाजार आमच्याही देवळात भरायचा.
नाना पेठेत, कापणीच्या सणाला लिलाव:
कोंबडी, शेवग्याच्या शेंगा,
आणि रत्नप्रभाबाई आढावांच्या परसातला
एकुलता एक भोपळा.
थिओफिल पगारे, रेल्वेतले फिटर,
समोर कोणी नसताना
स्वतःच्याच बोलीवर बोली चढवत
अर्ध्या पगारापर्यंत गेले.
बायको मागच्या बाकावरून खाकरत राहिली.
पैसे मोजले त्यांनी,
आणि भोपळा
परत तिच्याच पिशवीत.

बाहेर पडताना फोन थरथरला.
आजची उपासना कशी वाटली?
खाली पाच तारे, रिकामे.
मी जिन्यापाशी उभी, चष्मा शोधत.
सून म्हणाली,
द्या इकडे, मी भरते.