पोटखराबा

हैमा गावाच्या उत्तरेला चाळीस किलोमीटर.
डांबर संपतं तिथून टायरच्या खुणा,
खुणा संपतात तिथे विहीर क्रमांक एकसष्ट.
विहीर म्हणायचं खरं,
पण रहाट नाही, काठ नाही, पोहऱ्याचा आवाज नाही.
जमिनीखाली तीन मीटरवर कापलेला पाइप
आणि त्यावर वेल्डिंग केलेलं लोखंडी झाकण.
ब्याऐंशी साली कायमची बंद, असं फाइल म्हणते.
फाइल काय, पुष्कळ म्हणते.

आता ही जमीन चाऱ्याच्या शेतीला द्यायची आहे.
कागद फिरून आलेत, सगळ्यांचे शिक्के आहेत,
एक चौकोन तेवढा रिकामा,
पर्यवेक्षक अभियंता, पेट्रोलियम, भूव्यवस्थापन विभाग.
तो चौकोन म्हणजे मी.
आई म्हणते, तुझं पद पाकिटावर लिहिलं
की देशाला जागाच उरत नाही.

बाबा भूकरमापक होते.
गेवराई, माजलगाव, पुन्हा गेवराई.
साखळी ओढून ओढून त्यांचा उजवा खांदा खाली आलेला.
सुट्टीत मी त्यांची दप्तरं चाळायचे.
सातबाऱ्यावर एक शब्द होता, पोटखराबा.
मला वाटायचं, जमिनीचं पोट बिघडलंय,
आणि एवढे मोठे साहेब, कुणी तिला ओवा कसा देत नाही?
बाबा हसले नाहीत.
म्हणाले, आम्ही वरचं मोजतो बाई,
खालचं सरकारचं.

आता सरकारच्या वतीने
खालचं मी बघते.

पहाटे समुद्रावरून धुकं आलं होतं,
समुराच्या काट्यांवर अजून थेंब आहेत.
मुसल्लम आपल्या उंटिणी घेऊन चाललाय.
त्या सरळ येतात, येतात,
आणि खड्ड्याच्या अलीकडे वळसा घालून जातात.
नेहमीच असं? मी विचारते.
माझ्या बापाच्या उंटिणीही, तो म्हणतो,
आणि पुढे काही सांगत नाही.
फॉर्मवर उंटिणीसाठी रकाना नाही.

हिलालची नोकरी अजून वर्षाचीही नाही.
पायजम्याला लावावी तशी घडी त्याच्या अहवालाला.
सिमेंटचे प्लग तीन. दाब शून्य. गळती नाही.
मुहन्दिसा, तो म्हणतो, ऑफिसातून दोनदा फोन आला,
गुरुवारी मंत्रालयाचे लोक येणार, मांडव ठरलाय.
त्याच्या आवाजात लबाडी नाही, घाई आहे.
माझ्याही आवाजात होती, त्याच्या वयात,
एक सही मी अशीच केली होती.
कुठे, ते इथे लिहिणार नाही.

मी म्हणते, साबण आण.
तो गाडीतून भांडी घासायचा हिरवा साबण आणतो.
बाटलीभर पाण्यात घोळवून
आम्ही झाकणाच्या कडेने ओततो,
देवाच्या पाटाभोवती पाणी फिरवावं तसं.
गळ्यातलं मीटर गप्प आहे.
वारा पडलाय.
काहीच नाही.
हिलाल घड्याळ बघतो.
गुडघ्यांवर बसून माझी कंबर धरलीय,
बावन्न वर्षांची कंबर, तिचाही पोटखराबा काढायला हवा.

मग वेल्डिंगच्या डाव्या अंगाला
मोहरीएवढं काहीतरी फुगतं.
हरभऱ्याएवढं होतं.
त्यात आभाळ, त्यात हिलालचं उलटं नाक.
फुटतं.
त्याच जागी पुन्हा मोहरी.

फोन वाजतो, मी घेत नाही.
नवं सिमेंट, नवी रिग, चार महिने, कदाचित सहा.
मांडववाल्याला ॲडव्हान्स गेलेला असणार.
पेन खिशातच राहू दे.
पहिल्यांदा मोजू.

हिलाल खड्ड्यात पालथा पडलाय,
पांढऱ्या डिशदाशाला माती लागतेय, त्याला पत्ता नाही.
तो अरबीत मोजतो, मी मनात मराठीत.
मिनिटात सात झाले.
तो बोट वर करतो, थांबा, थांबा,
आणि आम्ही दोघं श्वास रोखून बघतो.

आठवा.