शून्य भरताना

नळ स्टॉपच्या मागच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर
मी समुद्र टाइप करते.
तो शुक्रवारच्या एसटी पार्सलने येतो,
वह्यांमधून. निळी शाई, फुगलेली पानं,
घडीत कधी वाळू, कधी मिठाचा खडा.
एकदा जिभेवर ठेवून पाहिला. कोणी बघत नव्हतं.

वह्या रुक्साना होडेकरच्या.
ओहोटी लागली की ती कातळावर उतरते,
डबक्यांच्या कडेला प्लास्टिकच्या नळीचा चौकोन टाकते
आणि आतलं मोजते.
नळी मीच आणली होती बोहरी आळीतून.
दुकानदाराने विचारलं, किती मजल्यांची लाइन आहे?
म्हटलं, समुद्र मोजायचाय.
त्याने एक एल्बो जास्त दिला, असू द्या म्हणाला.

माझ्याकडे नुसते रकाने.
तारामासे: अकरा. नऊ. नऊ,
शेऱ्यात ‘दोघांवर पांढरे डाग’.
सहा.
‘एकाचा हात वळलेला, टॉवेल पिळावा तसा.’
चार.
‘हात सुटला. सुटलेला हात चालत होता, उलट दिशेला.
बघत उभी राहिले, पुढचा चौकोन राहिला.’
शेऱ्यात एवढं लिहायचं नसतं.
मी सगळं घेतलं.
‘चिकट पांढरं पाणी. याला तारामासा धरायचा का?’
मी डॉक्टर शेंड्यांना विचारलं, धरायचा का?
ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

शिनाण्यांचा रकाना मात्र भरत गेला.
चाळीस. एकशे दहा. तीनशे.
‘मोजता येत नाहीत. कातळ दिसत नाही.’
मला आधी बरंच वाटलं, काहीतरी वाढतंय.
शेंड्ये म्हणाले, यांना खाणारं कोणी उरलं नाही, बाई.
तारामासा एखादा शिंपला उपटायचा,
मोकळ्या झालेल्या टिचभर जागेत
बाकीचे संसार मांडायचे.

मी पानं वर सरकवून पाहिली.
समुद्रफुलं, तांबडं शेवाळ, नखाएवढे खेकडे,
‘नाव माहीत नाही, केशरी, गोगलगाईसारखं’,
ओळीओळीला विरळ होत गेलेले.
बावीस जाती. सतरा. आठ.
कातळावर बोट ठेवायला जागा नाही
आणि वस्ती उठलेली.

कपाटात एक बरणी आहे, कोणा जुन्या विद्यार्थ्याची.
फॉर्मॅलिनमध्ये तारामासा, पाचही हात शाबूत,
रंग तेवढा पाण्याला देऊन बसलेला.
बरणी पुसताना हल्ली मी दोन्ही हातांनी धरते.

शेंड्ये म्हणतात, वेताळ टेकडीचा काळा दगड
आणि रुक्सानाचा कातळ एकाच लाव्ह्याचे.
रविवारी खाणीपाशी चपला काढून उभी राहिले.
दगड तापला होता. बाकी काही नाही.

परवाच्या वहीत तारामाशाचा रकाना कोरा.
फोन लावला.
“रुक्साना, एक रकाना सुटलाय.”
मागे वारा, कोंबडा, कोणीतरी भांडं आपटलं.
“सुटला नाही मॅडम. शोधलं.
पाणी घोट्याला लागेपर्यंत शोधलं.”
“मग शून्य लिहायचं ना.”
“हात झाला नाही.”

मी तीस वर्षं कोर्टाचे कागद टाइप केलेत.
कोरं म्हणजे कोणी बघायला गेलंच नाही.
शून्य म्हणजे कोणीतरी गेलं,
गुडघे सोलून घेतले, दगड उलटून पाहिले,
पुन्हा होते तसे ठेवले,
आणि नव्हतं.
तेवढं तरी तिच्या नावावर लागायला हवं.

मी शून्य टाइप केलं.
खिडकीबाहेर मेट्रो थांबली, गेली.
कारणाच्या रकान्यात गेल्या वर्षापासूनचं प्रश्नचिन्ह आहे,
ते तसंच ठेवलं.

मग पुढची अमावास्या काढली:
ओहोटी पहाटे पाच चाळीसला.
तिची ओळ आखून ठेवली,
आणि तारामाशाचा रकाना
जरासा रुंद केला.