पोच

पिवळं औषध कापसाच्या बोळ्यावर घेऊन
मी उंदरांना खुणा करायची.
पहिल्याच्या डोक्यावर, दुसऱ्याच्या पाठीवर,
तिसऱ्याच्या शेपटीवर.
चौथा बिनखुणेचा,
त्याला तसंच ओळखायचं.
घरी आले की सासू बोटं बघायची,
कुणाच्या हळदीला गेलतीस?
बावीस वर्षं मी कुणाकुणाच्या हळदीला जाऊन आले.

फार्मसी कॉलेजच्या मागं प्राणीगृह.
एप्रिलात पत्रा तापला
की सशांचे कान आतून लाल दिसायचे,
शिरा मोजून घ्याव्यात इतके.
माझा हात विड्या वळलेला,
पान न फाडता दोरा आवळणारा.
सर म्हणायचे, नरसम्मांनी धरला की ससा हलत नाही.
ही तारीफ मी घेतली.
पगारासकट घेतली.

आता अर्ज घेऊन फिरते.
बरोबर श्रीशैल कलशेट्टी, शिक्षण अर्धवट सोडलेला पोरगा.
अर्ज त्यानंच टाइप केला. दोन मागण्या:
कोंबडीला पंख उघडता येतील एवढी जागा,
आणि कॉलेजात जे कॉम्प्युटरवर दिसतं
त्याच्यासाठी ससा धरू नये.
तो भाषण करतो, त्यात क्रौर्य हा शब्द फार येतो.
मी नुसता कागद दाखवते.

विडी कारखान्याच्या दारात, सकाळी माल द्यायच्या रांगेत:
हा कागद बघा. असा चौथाई मागं दुमडा.
राहिला तेवढ्यात एक कोंबडी.
दीड वर्ष.
इरव्वा म्हणाली, अगं, माझं सूप ह्याच्याहून मोठं आहे.
आणि मांडीवरच्या रिकाम्या सुपाकडं
बघत बसली जरा वेळ.
मग सही केली.
तिच्या मागची पोशम्मा म्हणाली, अंडं दोन रुपयांनी वाढलं
तर माझ्या नातवाला तू देणार का?
श्रीशैलनं तोंड उघडलं, मी त्याचा हात दाबला.
सवाल कागदाच्या मागं लिहून घेतला,
तिच्याच शब्दांत.

बोरामणीच्या पोल्ट्रीवाल्यानं चहा पाजला.
वरनं म्हणाला, काय बे नरसम्मा,
जन्मभर सशाला सुया टोचवल्या,
आता आम्हाला शहाणपण शिकवालास?
होय, म्हटलं. ज्यानं टोचलंच नाही
त्याचं तुम्ही ऐकलं असतं का?
तो मोकळा हसला. सही नाही केली.
निघताना शेडचं दार उघडं होतं,
चार हजार माना एकदम वळल्या
आणि मला बावीस वर्षांत पहिल्यांदा
हात कुठं ठेवावेत कळेना.

कलेक्टर कचेरीत आवक खिडकी.
पंखा फक्त आतल्या बाजूला.
अर्जदार कोण?
मी. नरसम्मा यादगिरी मेरगू, राहणार विडी घरकुल.
तुम्हाला काय त्रास आहे?
मला नाही.
मग ज्यांना त्रास आहे त्यांची सही कुठाय?
त्यांना येत नाही, बाई.
तिनं चष्म्यावरनं बघितलं.
मागच्या माणसानं जमिनीच्या मोजणीचा कागद पुढं सरकवला,
तो तिनं हातानंच परत ढकलला.

मग शिक्का उचलला.
पहिल्या पानावर वर, डोक्याशी.
दुसऱ्यावर मधोमध.
तिसऱ्यावर पार खाली, सह्यांच्या शेवटी.
जांभळी शाई, जरा पसरलेली.
चौथं पान तिच्या हातनं तसंच राहिलं.
श्रीशैल म्हणाला, मॅडम, एक राहिलं.
राहू दे, म्हटलं,
ते तसंच ओळखू येतं.

बाहेर उन्हात मी ते पान उलटं केलं.
पोशम्माचा सवाल तिथंच होता.
अंडं. दोन रुपये. नातू.
शिक्का बसलेली पानं कचेरीत गेली,
हे मला घरी न्यायचं आहे,
आणि उद्या सकाळी रांगेत
ती मला विचारणार आहे.